पाण्याच्या फिल्टरचे संकेतस्थळ : प्रकल्प नोंदी, इंदूर

३ जून २०२४

घरगुती जलशुद्धी यंत्रांवर मराठीत एक संकेतस्थळ उभे करायचे आणि त्यावरील ॲफिलिएट लिंकमधून मिळणाऱ्या कमिशनवर हळूहळू घरखर्च भागेल इतके उत्पन्न तयार करायचे, हा या प्रकल्पाचा हेतू आहे. ही पद्धत नवी नाही. ॲमेझॉनने आपला ॲसोसिएट्स कार्यक्रम १९९६ साली सुरू केला, आणि त्याचे तत्त्व आजही तेच आहे: वाचक आपल्या लिंकवरून दुकानात जातो, तेथे खरेदी करतो, आणि विक्रीच्या किमतीतील ठरलेला हिस्सा लिंक देणाऱ्याला मिळतो. वाचकाला त्यामुळे वस्तू महाग पडत नाही.

पाणी हाच विषय घेण्याचे कारण अनुभवाचे आहे. इंदूरमध्ये फिल्टरची विक्री आणि दुरुस्ती करणाऱ्या एका दुकानात मी तक्रारी नोंदवून घेण्याचे आणि तंत्रज्ञांना कामे वाटून देण्याचे काम अनेक वर्षे केले. पाण्याची चव बदलली, टाकी भरायला रात्र लागते, मोटर बंदच होत नाही, असे सांगणाऱ्या ग्राहकाच्या यंत्रात बहुधा काय बिघडले असेल, हे फोनवरच ओळखण्याची सवय त्या कामात लागली. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते, तरीही ज्या वसाहतींची भिस्त बोअरिंगवर आहे तेथे पाणी जड असते, कारण ते माळव्याच्या काळ्या पाषाणात मुरलेले असते. तोच दख्खनचा बेसाल्ट महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली पसरलेला आहे, त्यामुळे येथे शिकलेले औरंगाबादच्या किंवा सोलापूरच्या वाचकाला उपयोगी पडेल, असा माझा विश्वास आहे. वाचक महाराष्ट्रातला, लिहिणारी इंदूरची, आणि माल पोहोचवणारे दुकान दोघांनाही सारखेच जवळचे, ही या व्यवसायाची सोय आहे.

१३ जून २०२४

लोक शोधताना कोणते शब्द वापरतात याची यादी करण्यात हे दिवस गेले. ‘उत्तम जलशुद्धीकरण यंत्र’ असे कोणी शोधत नाही. ‘आरओचे पाणी कमी येते’, ‘फिल्टरचे पाणी कडू लागते’, ‘टीडीएस किती असावा’, असे शोधतात, आणि पुष्कळ जण तेच मराठी रोमन लिपीत टाइप करतात. (आरओ म्हणजे मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार वेगळे करणारे यंत्र, आणि टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण.) म्हणून पानांची शीर्षके लोकांच्या बोलण्यातल्या वाक्यांप्रमाणे ठेवायची आणि पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत, थोडक्यात द्यायचा, असे ठरवले. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवरून पाठवला की अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब ओळ होते, आणि असा पत्ता पाहून घरातली वडीलधारी माणसे त्यावर बोट ठेवायला कचरतात.

संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला, मोफत वापरता येणारा मुक्त हा फॉन्ट घेतला आहे आणि त्याचा आकार नेहमीपेक्षा मोठा ठेवला आहे, कारण सिंकखाली वाकून, एका हातात फोन धरून वाचणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे. छायाचित्रे लहान करून चढवते, कारण पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा ही गुगलची शिफारस आहे आणि साध्या फोनवर तेवढे साधण्यासाठी चित्रांचे वजनच आधी उतरवावे लागते. डोमेन आणि होस्टिंग धरून वर्षाचा खर्च दहा हजार रुपयांच्या आत राहील. सुरुवातीच्या महिन्यांत उत्पन्न शून्य धरूनच बचतीतून ही तजवीज केली आहे. नोकरी सोडून या कामाला लागणाऱ्या कोणीही निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला काढून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

२९ जून २०२४

ॲसोसिएट्स कार्यक्रमाच्या अटी आज सावकाश वाचल्या. घाईने अर्ज करणाऱ्याची अडचण होईल अशी अट पहिलीच आहे: खाते उघडल्यापासून १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री झाल्या पाहिजेत, नाहीतर खाते बंद होते. म्हणून पाने तयार होऊन शोधात दिसू लागेपर्यंत अर्जच करायचा नाही. वाचक लिंकवरून गेल्यानंतर २४ तासांच्या आत त्याने वस्तू बास्केटमध्ये टाकली तरच ती आपल्या खात्यावर धरली जाते. त्या मुदतीत टाकलेली वस्तू नंतर घेतली तर ९० दिवसांपर्यंत चालते. परत केलेल्या वस्तूचे कमिशन वजा होते, आणि रक्कम हाती येईपर्यंत साधारण दोन महिने जातात. महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब ज्यांना करायचा आहे, त्यांनी हा उशीर आधीच लक्षात घ्यावा.

स्वतःसाठी केलेली किंवा नातेवाइकांनी आणि मित्रांनी केलेली खरेदी ग्राह्य धरत नाहीत. रामबागेतल्या आत्यांनी नवा फिल्टर माझ्याच लिंकवरून घेईन म्हणून प्रेमाने सांगितले होते. त्यांना मी कारण समजावले आणि फिल्टर थेट दुकानातून घ्यायला सांगितले. किमतीही पानावर हाताने लिहायच्या नाहीत, कारण त्या रोज बदलतात आणि कार्यक्रमाच्या व्यवस्थेतून आपोआप येणारी किंमतच दाखवण्याची मुभा आहे. त्यामुळे प्रत्येक वस्तूखाली ‘आजची किंमत पाहा’ एवढेच बटण राहील. शिवाय गुगलने सप्टेंबर २०१९ पासून पैसे मिळणाऱ्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूण दिलेली आहे, ती प्रत्येक लिंकला लावली आहे.

१० जुलै २०२४

प्रकटीकरणाचा मजकूर निश्चित केला. तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत न देता पहिल्या परिच्छेदाच्या आधी, मुख्य मजकुराच्याच आकारात राहील: ‘या पानावरील लिंकवरून आपण खरेदी केल्यास मला कमिशन मिळते. आपल्याला द्यावी लागणारी किंमत त्यामुळे वाढत नाही.’ ॲमेझॉनचे ठरीव वाक्यही त्यासोबत आहे.

हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिराती आणि शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड सांगण्याचे बंधन त्यांत आहे. फसव्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मराठीत लिहिणाऱ्या अनेकांना हा नियम मोठ्या तारकांसाठी आहे असे वाटते, पण त्याचा रोख शिफारशीवर आहे, शिफारस करणाऱ्याच्या प्रसिद्धीवर नाही.

२५ जुलै २०२४

पहिले पूर्ण पान लिहून झाले: ‘तुमच्या घरी आरओ लागतो का?’ या विषयावर बाजारात सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून सुरुवात येथूनच केली. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे, म्हणजे टीडीएसचे, स्वीकार्य प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंत चालते. एकूण कठीणपणासाठी, म्हणजे जडपणासाठी, हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. ज्या घरी पालिकेचे पाणी येते आणि टीडीएस दोन-अडीचशेच्या आसपास आहे, त्या घराला बहुधा आरओची गरज नसते. गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन आणि जंतूंसाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, एवढे पुरेसे असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही मे २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंधन घालण्याचा आदेश दिला होता, कारण आरओमध्ये पाण्याचा मोठा वाटा वाहून जातो.

त्याच पानावर टीडीएस मीटरची मर्यादाही सविस्तर लिहिली. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, शेतातले नायट्रेट किती आहे, फ्लोराइड आहे का, यांतले काहीही तो सांगत नाही. दारात येऊन मीटर बुडवून आकडा दाखवणारा विक्रेता खोटे बोलत असतोच असे नाही, पण तो जे सांगतो ते अपुरे असते, आणि अपुऱ्या माहितीवर माणसे पंधरा हजार रुपये खर्च करतात. बोअरिंगचे पाणी पिणाऱ्याने एकदा तरी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, असे त्या पानावर ठळक लिहिले आहे, आणि त्या वाक्याला कोणतीही लिंक जोडलेली नाही.

महाग यंत्र न घेण्याचा सल्ला देणारे पान पोटावर पाय आणील, असे हितचिंतकांचे म्हणणे आहे. माझे मत वेगळे आहे. ज्याला आरओची गरज नाही असा माणूस तो घेऊन पस्तावला, तर पुन्हा माझ्या पानावर येणार नाही, आणि या धंद्यात परत येणारा वाचक हीच एकमेव पुंजी आहे.

२२ ऑगस्ट २०२४

याच महिन्यात गुगलने भारतात शोधाच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. सुरुवातीला तो इंग्रजी आणि हिंदीत आला. मराठीतही येईल असे धरूनच पुढची आखणी केली पाहिजे. मार्चमध्ये गुगलने ढिगाने तयार केलेल्या मजकुराविरुद्ध नवे धोरण जाहीर केले होते, आणि दुसऱ्यांच्या पानांवरून ‘दहा उत्तम फिल्टर’ अशा याद्या जुळवणाऱ्या संकेतस्थळांची वाट त्यामुळे अधिक बिकट झाली आहे.

टीडीएसची मर्यादा किती, याचे उत्तर यंत्र एका ओळीत देईल, आणि त्यासाठी माझ्या पानावर कोणी येणार नाही. पण सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर पाणी सुरू-बंद करणारी झडप) बिघडला आहे की फ्लो रेस्ट्रिक्टर (वाहून जाणारे पाणी आवरून धरणारा लहान भाग) तुंबला आहे हे ओळखायचे कसे, कोणती नळी काढून कोठे पाहायचे, हे दाखवायला उघडलेल्या यंत्राची छायाचित्रे लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये गुगलने मूल्यमापनाच्या निकषांत ‘अनुभव’ हा घटक वेगळा जोडला, तो नेमका अशा कामासाठी आहे. म्हणून जुन्या दुकानातल्या ओळखीच्या तंत्रज्ञांना, यादवभैयांना, रविवारी दोन तास मोबदला देऊन बोलावते. ते यंत्र उघडतात, मी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेते आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याचे आकडे टिपून ठेवते.

६ ऑक्टोबर २०२४

खाते मंजूर झाले आणि आवश्यक विक्रीही झाली. या पहिल्या विक्रींच्या अहवालातून प्रकल्पाची दिशा ठरत आहे, म्हणून ही नोंद लांब आहे.

यंत्रांची तुलना करणाऱ्या पानांवर वाचक येतात, लिंकवर जातातही, पण तेथे खरेदी क्वचित होते. दहा-पंधरा हजारांची वस्तू घेणारा माणूस आठवडाभर विचार करतो, घरात बोलतो, शेजारच्या दुकानात भाव काढतो, आणि तोपर्यंत २४ तासांची मुदत केव्हाच संपलेली असते. शिवाय त्या शब्दांवर मोठी वृत्तपत्रे आणि कंपन्या स्वतः पुढे असतात. याउलट दुरुस्तीच्या पानांवर येणारे वाचक कमी आहेत, पण त्यांच्या घरी यंत्र आधीपासून आहे, ते बंद पडलेले आहे, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला पाणी हवे आहे. अशा वाचकाला नेमका भाग सांगितला की तो लगेच मागवतो.

हिशेब मांडून पाहिला. कमिशनचा दर वस्तूच्या प्रकाराप्रमाणे बदलतो, म्हणून येथे पाच टक्के केवळ गृहीत धरते. दहा हजारांच्या यंत्रावर ५०० रुपये मिळतील आणि आठशे रुपयांच्या फिल्टर संचावर ४० रुपये. वरवर पाहता एका यंत्राची बरोबरी करायला तेरा संच लागतात. पण यंत्र माणूस सात-आठ वर्षांतून एकदा घेतो. गाळाचा फिल्टर सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो, कार्बनही साधारण तेवढाच टिकतो, आणि मेम्ब्रेन पाण्याच्या जडपणाप्रमाणे दोन-तीन वर्षे चालते. म्हणजे एकाच घराला माझ्या पानाची गरज वर्षानुवर्षे पडत राहते. खरेदीआधीच्या वाचकापेक्षा खरेदीनंतरचा वाचक या उत्पन्नाचा पाया व्हावा, असे मी आता ठरवले आहे, आणि पुढची पाने त्याच्यासाठीच लिहिणार आहे.

त्यांतले पहिले पान मेम्ब्रेन केव्हा बदलावी यावर. आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस ६०० आणि बाहेर येणाऱ्याचा ६० असेल, तर मेम्ब्रेन ९० टक्के क्षार अडवते आहे आणि तिला हात लावण्याचे कारण नाही. हे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली घसरू लागले की बदलायची तयारी करावी. मात्र यंत्रात टीडीएस कमी-जास्त करणारा खटका असेल तर तो आधी पूर्ण बंद करून मोजावे, कारण त्यातून कच्चे पाणी शुद्ध पाण्यात मिसळते आणि धडधाकट मेम्ब्रेन निकामी वाटते. दुसरी गोष्ट क्लोरीनची. घरगुती मेम्ब्रेन पॉलिअमाइडची असते आणि पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन तिला हळूहळू खातो. तो क्लोरीन अडवण्याचे काम कार्बन करतो, म्हणून स्वस्त कार्बन वेळेवर बदलला तर महाग मेम्ब्रेन वाचते. वाचकाचे दीड-दोन हजार वाचवणारा आणि मला थोडेसेच कमिशन देणारा हा सल्ला त्या पानाच्या पहिल्या ओळीत आहे.

करासंबंधी एक बदल: कमिशनवर उगमस्थानी होणारी करकपात आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४ एच खाली पाच टक्के होती, ती १ ऑक्टोबरपासून दोन टक्के झाली आहे.

२८ डिसेंबर २०२४

इंदूरमध्ये थंडी कडाक्याची आहे, आणि ‘पाणी कमी येते’ हे पान अचानक सर्वांत जास्त वाचले जात आहे. दुकानातही याच दिवसांत या तक्रारी वाढत. पाणी थंड झाले की ते मेम्ब्रेनमधून सावकाश झिरपते. २५ अंशांच्या खाली प्रत्येक अंशाला सुमारे तीन टक्के उत्पादन घटते, म्हणून १५ अंशांच्या पाण्याला टाकी भरण्यास लागणारा वेळ ठळकपणे वाढतो. यंत्रात काहीही बिघडलेले नसते. हे त्या पानाच्या सुरुवातीलाच घातले, आणि त्याखाली पंप, गाळाचा फिल्टर, मेम्ब्रेन हा तपासणीचा क्रम ठेवला. जानेवारी संपेपर्यंत या पानावरून विक्री कमी होईल हे उघड आहे, आणि ते योग्यच आहे.

१६ फेब्रुवारी २०२५

सुदामा नगरातल्या एका सोसायटीच्या सचिवांनी देखभालीची माहिती आणि क्यूआर कोड असलेले छापील पत्रक मागितले. पत्रक आनंदाने करून दिले, पण छापील कागदावर ॲफिलिएट लिंक देण्यास कार्यक्रमात मनाई आहे, म्हणून कोड संकेतस्थळाच्या मुख्य पानावर नेणारा ठेवला.

९ एप्रिल २०२५

आर्थिक वर्ष संपले, म्हणून कागदपत्रे लावली. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाख रुपयांची आहे, आणि मध्य प्रदेशाबाहेरच्या कंपनीला सेवा दिली तरी लहान व्यावसायिकाला हीच मर्यादा लागू राहते. त्यापासून मी अजून फार दूर आहे. १ एप्रिलपासून कलम १९४ एच ची किमान मर्यादाही १५,००० वरून २०,००० रुपये झाली आहे.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून समजून घ्यावी. लहान व्यापाऱ्यांना ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवण्याची जी सवलत कलम ४४ एडी मध्ये आहे, ती कमिशनच्या उत्पन्नाला मिळत नाही. कायद्यात ते स्पष्टपणे वगळले आहे. म्हणून होस्टिंग, इंटरनेट, तपासणीसाठी घेतलेले फिल्टर, यादवभैयांचा मोबदला, या सर्वांच्या पावत्या तारखेप्रमाणे जपल्या पाहिजेत, तरच प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा दाखवता येतो. मी महिन्याच्या शेवटच्या दिवशी वही पूर्ण करते आणि कापलेला कर फॉर्म २६ एएस, म्हणजे आयकर खात्याकडच्या करकपातीच्या उताऱ्यात, दिसतो का, हे तिमाहीला पाहते.

७ जून २०२५

परत येणारे वाचक आता दिसू लागले आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर ज्यांनी गाळाचा फिल्टर बदलला, त्यांतील काही जण त्याच पानावर पुन्हा आले. त्यांच्या सोयीसाठी प्रत्येक दुरुस्ती-पानाच्या शेवटी ‘बदलल्याची तारीख फिल्टरच्या नळकांड्यावर मार्करने लिहा’ अशी सूचना दिली आहे. मिळणाऱ्या रकमेतून वीजबिल, इंटरनेट आणि किराण्याचा काही भाग निघतो. पूर्ण घरखर्च निघायला अजून अवकाश आहे, म्हणून सकाळी एका वाहन-भागांच्या दुकानाचे हिशेब लिहिण्याचे काम चालू ठेवले आहे. एकाच कार्यक्रमावर सर्व भार ठेवणे मला सुरक्षित वाटत नाही, कारण कमिशनचे दर कंपनी एकतर्फी बदलू शकते. सुटे भाग बनवणाऱ्यांपैकी जे थेट ॲफिलिएट कार्यक्रम चालवतात, त्यांच्या अटी मागवल्या आहेत. परतीचा नियम चांगला असेल त्यांचीच लिंक देईन.

२३ जुलै २०२५

गुगलच्या शोधक्रमात जूनअखेर सुरू झालेला मोठा बदल गेल्या आठवड्यात पूर्ण झाला. तुलनेची पाने आणखी खाली गेली, दुरुस्तीची पाने जागेवर राहिली. तुलनेची पाने मी आता वाढवणार नाही. जी आहेत, त्यांत यंत्र निवडताना त्याचे सुटे भाग प्रमाण आकाराचे आहेत की फक्त त्याच कंपनीचे बसतात हे कसे पाहावे, याची भर घालणार आहे, कारण पुढच्या आठ वर्षांचा खर्च यंत्राच्या किमतीपेक्षा त्यावर ठरतो.

यादवभैयांचे म्हणणे आहे की हीच पाने हिंदीतही हवीत, कारण ते ज्या घरांत जातात तेथले बहुतेक लोक हिंदीतच शोधतात. त्यांचे म्हणणे मला पटले आहे. भाषांतर यंत्राकडून न करता त्यांच्या तोंडून ऐकून लिहायचे, प्रत्येक मराठी-हिंदी जोडीला भाषेची खूण लावायची म्हणजे गुगल योग्य वाचकाला योग्य पान दाखवील, आणि हिंदी पानांच्या कमिशनचा ठरलेला वाटा त्यांना द्यायचा, असे आम्ही काल लिहून घेतले. सुरुवात मेम्ब्रेनच्या पानापासून करू. विवरणपत्राची मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढली आहे, त्यामुळे ऑगस्टचे रविवार या कामाला मोकळे आहेत.